निजलेल्याला कळू दे

"पाय उचलू नकोस, घसटत चाल. खाली वाळूत निजलेला असतो. आपण येतोय ते त्याला कळू दे."

बाबांचा आवाज. दालेंदाच्या कानात तो केव्हाही येतो. बँकेच्या रांगेत, केस विंचरताना, सफाक्स शहराच्या त्या रणरणत्या चौकात बसची वाट पाहताना. आवाजाच्या आगेमागे काही नसतं, फक्त पाणी असतं. कर्केनाच्या बेटांभोवतीचा तो उथळ दर्या. कितीही आत गेलं तरी पाणी लहान मुलीच्या मांडीवर चढत नाही असा. तळाची वाळू पिठासारखी, आणि त्या पिठात अंग पुरून निजलेले पाकट. त्यांच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा पायात रुततो आणि माणूस आठवडाभर कण्हतो. पण पाय न उचलता वाळू ढवळत गेलं, की पाकट आपला आपण उठतो, अंगावरची वाळू झटकतो आणि बाजूला होतो. बाबा पुढे, खांद्यावर ऑक्टोपस धरायच्या मडक्यांची माळ. मधे दालेंदा. मागे धाकटा भाऊ वजदी, तिच्या फ्रॉकचं टोक धरून, सगळा दर्या आपल्या दोन पायांनी गढूळ करत. "बाबा, तो जागा झाला तर रागावेल ना?" "उठवलं म्हणून कुणी रागावत नाही रे. तुडवलं की रागावतात."

आज दुपारी जिन्यात तो आवाज आला तो वासाला धरून आला. वरून गहू भाजल्याचा वास खाली उतरत होता. गहू, मग हरभरा, मागाहून मेथी, आणि सगळ्यांच्या शेवटी लाजत आल्यासारखी बडीशेप. बसीसा. दालेंदा कठडा धरून उभी राहिली. शेजारणीकडचा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. खालच्या मजल्यावरची धाकटी यंदा शाळेत जायला लागली, पहिल्या दिवसाला हे पीठ लागतंच. पहिली शाळा, नवं घर, नवी नवरी, लांबचा प्रवास; ज्याचं जे काही पहिलं असेल त्यानं उंबरा ओलांडण्याआधी जैतुनाच्या तेलात कालवलेला एक घास तोंडात घालायचा. पण वास खालच्या मजल्यावर थांबला नाही. तो तिच्या स्वतःच्या दारातून येत होता, आणि त्या दारातून तो आठ-नऊ वर्षांत आला नव्हता. या घरातला शेवटचा बसीसा वजदीनं नेला. डबा इतका खरवडून नेला होता, की उम्मीनं, त्यांच्या आईनं, सकाळी झाकण उघडलं तेव्हा तळाचा पत्रा चमकत होता. तो पत्रा बघून दोघींना कळलं, की पोरगा मित्राकडे झोपायला गेलेला नाही, होडीत बसून दर्यापलीकडे निघालाय.

दार उघडंच होतं. उम्मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पाय पसरून, मधे परात. तिच्या कपाळावर भाजल्या दाण्यांचा कोंडा लागला होता.

"ये, बाईसाहेब. चपला काढ, सांडलंय सगळीकडे."

"हे कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? उद्या तुझा पहिला दिवस."

"उम्मी, मी किती वर्षं शिकवतेय."

"त्या म्हाताऱ्याच्या पाठीमागं उभी राहून शिकवत होतीस. उद्या पुढं उभी राहणार. मागं उभं राहणाऱ्याला बसीसा लागत नाही, पुढच्याला लागतो." उम्मीनं चाळण हातावर आपटली. "आणि चेहरा कसला केलायस? गिऱ्हाईक परत गेलेल्या मासेवालीसारखा."

दालेंदानं चपला दाराशी काढल्या. ती आपल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदापुढे बसली. कागद चार दिवस तसाच होता. वर तिनं लिहिलं होतं, 'पहिला दिवस', आणि खाली, 'हा माणूस'. त्याच्यापुढे तिला जाता आलं नव्हतं.

शरीररचनेचा पहिला तास हा तास नसतोच मुळी. इतकी वर्षं ती तो बघत आली होती. टेबलावर चादरीखाली कुणीतरी बेवारस. भोवती नवी पोरं, कडक इस्त्रीचे पांढरे कोट, फॉर्मालिननं डोळे चुरचुरताहेत, एखादी पोर भिंतीला टेकून खाली सरकतेय. चाकू लागण्याआधी सगळ्यांनी फातिहाची प्रार्थना म्हणायची आणि मग शिकवणाऱ्यानं त्या निजलेल्या माणसाची पोरांशी ओळख करून द्यायची. ज्याचं नावगाव कुणाला ठाऊक नाही त्याची ओळख. प्रोफेसर शेदली उशाशी उभे राहत आणि हलक्या आवाजात म्हणत, "हा हव्वाचा मुलगा. आईचं नाव कळलं नाही, की हव्वाचं लावायचं. सगळ्यांची थोरली आई तीच." एवढंच बोलत. पण त्या वाक्यानंतर हॉलमध्ये कुणी खोकत नसे. दालेंदा त्यांच्या मागे हातात हाडांची पेटी घेऊन उभी असे, आणि दरवर्षी त्या वाक्याला तिची मान खाली जाई. पोरांना वाटे, बाई किती भक्तिभावाची. आता प्रोफेसर निवृत्त झाले. उद्या उशाशी ती.

काल तिनं त्यांना फोन केला होता. "सर, तुमचंच वाक्य वापरलं तर चालेल का?"

"नाही चालणार," म्हातारा म्हणाला. मागे त्यांचे कोंबडे ओरडत होते; निवृत्तीनंतर ते कोंबड्या पाळत होते आणि सगळ्यांना सांगत होते, की पोरांपेक्षा यांची पचनसंस्था बरी. "माझा कोट घेऊन जा हवा तर, वाक्य नको. तुझं शोध. दुसऱ्याचं वाक्य तिथं चालत नाही गं. पोरं चार हातांवरून ओळखतात. आणि पोरांचं सोड, तो निजलेला ओळखतो. मी बायकोशी खोटं बोललोय, डीनशी तर रोजच बोललोय. त्या टेबलापाशी मात्र कधी जमलं नाही."

तिथं खोटं चालत नाही. फोन ठेवल्यावर हे वाक्य दालेंदाच्या अंगावर ओल्या कपड्यासारखं चिकटून राहिलं. आज सकाळी ती तयारी बघायला हॉलमध्ये गेली तेव्हाही ते सोबत होतं. पाच टेबलं, पाच चादरी. लमीनकाका, तिथला जुना शिपाई, बादली खाली ठेवून म्हणाला, "बघा डॉक्टरीणबाई, पाचही हजर. उद्या येणाऱ्यांपेक्षा शहाणे. वेळेआधी आले, बडबड नाही, आणि एकाचाही फोन वाजायचा नाही."

"काका, मेलेल्यांची थट्टा करू नये."

"थट्टा कुठं, कौतुक करतोय. घरी कुणी केलं असतं तर इथं आले असते का बिचारे?"

तिनं पहिल्या टेबलावरची चादर खांद्यापर्यंत उतरवली आणि गळ्याखालच्या उजव्या हासळीच्या हाडावरून बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. दुसऱ्या टेबलाकडे गेली, तिथंही आधी उजवीकडचं. पाचवी चादर परत वर ओढताना लमीनकाका म्हणाला, "तुमचा हात नेहमी तिथंच जातो. दरवर्षी बघतो मी. काही शोधता का?"

"धडा तिथूनच सुरू होतो, काका."

"असेल. पण धडा दोन्ही खांद्यांना असतो की."

त्यानं बादली उचलली. त्याच्या प्रश्नात खोच नव्हती, आणि म्हणूनच तो आत खोल गेला. आता खोलीत बसून तिनं पेटी उघडली, कापसातून ते हाड बाहेर काढलं. इंग्रजी एससारखं दोनदा वळलेलं, बोटभर जाडीचं, उन्हात सुकलेल्या काटकीसारखं हलकं. धडा खरोखर इथूनच सुरू होतो. आईच्या पोटात सगळं अंग अजून लिबलिबीत असताना पहिलं हाड होऊ लागतं ते हे, आणि पुरतं पक्कं व्हायला सगळ्यात शेवटचंही हेच; छातीकडचं टोक पंचविशीपर्यंत कोवळं राहतं. दरवर्षी ती हे सांगते, आणि पोरं लिहून घेतात. वजदी तेवीस वर्षांचा होता.

तो सात वर्षांचा असताना खजुराच्या झाडावरून पडला. उजव्या खांद्यावर. बेटावर तेव्हा डॉक्टर नव्हता, हाडवैद्यानं जैतुनाचं तेल चोळून फडक्यानं बांधलं, आणि हाड वाकडंच सांधलं. मधोमध टेंगूळ. वजदी ते सगळ्यांना हात लावून बघायला द्यायचा, एकेका खारकेच्या बदल्यात. "हात लाव, आत दगड आहे." दालेंदाला तो फुकट लावू द्यायचा. रात्री दोघं एका अंथरुणात असत आणि ती झोप येईपर्यंत त्या टेंगळावर अंगठा फिरवत राही. पुढे ती वैद्यकीला आली, हाडांची नावं पाठ करू लागली, तेव्हा तो सुटीत सदऱ्याचं बटण काढून समोर बसायचा. "पुस्तकात कशाला बघतेस? इथं बघ. पण पुस्तकासारखं नाही हं माझं." मग त्याची पदवी झाली, नोकरी लागली नाही, तो फुटपाथवर फोनची कव्हरं विकायला बसला, आणि हळूहळू त्यानं गमती करणं बंद केलं. शेवटच्या उन्हाळ्यात तो गच्चीवर बसून बंदराकडे बघत राहायचा. उम्मी म्हणायची, "दर्याकडे असं बघू नकोस, त्याला वाटेल तुला यायचंय."

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी दक्षिणेकडच्या एका गावातून बोलावणं आलं. दर्यानं काही जण किनाऱ्यावर टाकले होते. उम्मी निघताना कपाटातून वजदीचा निळा लोकरी सदरा घेऊन निघाली. "कशाला?" "थंडी वाजत असेल." सबंध वाटेत तिनं ती पिशवी मांडीवरून उतरवली नाही. इस्पितळाच्या त्या लांब बोळात, लोखंडी बाकावर ती बसली आणि म्हणाली, "तू जा. तू डॉक्टर आहेस. मी इथं बसते. तो असला तर या बाकावरून मी उठायची नाही, एवढं लक्षात ठेव." ही धमकी नव्हती. बाजाराला जाताना 'दूध उतू जाईल, लक्ष ठेव' म्हणतात, तशा सुरात ती हे म्हणाली.

आत पंखा होता. चेहरा दर्यानं नेला होता. कपडे नव्हते, हातात काही नव्हतं, आणि तिथला माणूस दाराशी उभा राहून सौजन्यानं दुसरीकडे बघत होता. दालेंदानं उजव्या खांद्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याला कसलीच घाई नव्हती. त्याला टेंगळापर्यंतची ती वाट ठाऊक होती. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मग तिनं चादर वर घेतली, नीट, मानेखाली दुमड घालून, आणि म्हणाली, "नाही. हा तो नाही." तिथला माणूस म्हणाला, "अल्लाहची कृपा." ती बाहेर पडली. बोळ लांब होता, फरशी नुकतीच पुसून वाळलेली. टोकाला बाकावर उम्मी, पिशवी, सदरा. कुठून तरी सर्र सर्र असा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. कुणीतरी झाडत असावं. बोळात दुसरं कुणी नव्हतं. उम्मीपाशी पोचल्यावर आवाज थांबला. "नाही," ती म्हणाली. उम्मीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मग चल. बस चुकेल."

बेवारसांसाठी तिथं गावाबाहेर एक कोपरा आहे, काटेरी निवडुंगाच्या कुंपणाआड. तिथं त्याला पुरलं. दालेंदा दोनदा जाऊन आली, परिषदेला जाते सांगून. कुठला दगड त्याचा, ते तिला कळलं नाही. ती कुंपणापाशीच उभी राहिली.

त्या एका 'नाही'वर पुढचं सगळं उभं राहिलं, मासे अडवायला वाळूत रोवलेल्या झावळ्यांसारखं. वर्ष झालं तेव्हा मशिदीतले शेख घरी आले. म्हणाले, आता गैरहजर मयताची नमाज पढून घ्यावी, जिवाला शांती मिळते. उम्मीनं त्यांना पुदिन्याचा चहा दिला आणि म्हणाली, "गैरहजर कोण आहे, शेखसाहेब? उशीर झालाय त्याला. लहानपणापासून उशीरच करतो तो." पुढे सरकारी माणसं आली. रक्ताचे चार थेंब द्या, आमच्याकडच्या निनावी मृतांशी ताडून बघू. उम्मीनं बाही खाली ओढली. "जिवंत पोरासाठी कुणी रक्त देतं का? जा, दुसरं दार बघा." दारामागे उभ्या असलेल्या दालेंदानं त्यांच्या पाठोपाठ कडी लावून घेतली होती. सुटकेनं, हे तिनं तेव्हाच स्वतःशी कबूल केलं होतं. दर शुक्रवारी उम्मी कोपऱ्यावरच्या टपरीत जाऊन वजदीच्या बंद नंबरात एक दीनार भरते, नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. आणि दालेंदा हे बघते. मी तिला बघायला वाट दिली, ती स्वतःशी म्हणते. माझ्या आईला मी मरण दिलं नाही, वाट दिली. काही दिवस हे खरं वाटतं. मग एखाद्या सप्टेंबरात कुणीतरी चादर उतरवतं आणि म्हणतं, हा हव्वाचा मुलगा. तेव्हा तिला कळतं, की उम्मीच्या, मंजियाच्या मुलाला हव्वाचा तिनं केला. ज्याला नाव होतं, आई होती, बाहेर बाकावर त्याचा सदरा घेऊन बसलेली, त्याला.

उद्या तिनं उशाशी उभं राहून काय सांगायचं? याला ओळखणारं कुणी आलं नाही म्हणायचं? आलं असेल. अंगठा ठेवून गेलं असेल.

तिनं कागद उलटा केला. मग पुन्हा सरळ केला. बाहेर उन्हं कलली, समोरच्या गच्चीवरचे कपडे कुणीतरी ओढून काढले. स्वयंपाकघरातून जात्याची घरघर सुरू झाली. उम्मीला यंत्राचं पीठ चालत नाही, ती बेटावरून आणलेलं छोटं जातं वापरते. आणि घरघरीच्या आतून, फार दिवस न उघडलेल्या दारासारखं कुरकुरत, गाणं आलं.

दर्या रे माझ्या बापा, तुझं पाणी गुडघाभर
लेकरू माझं चालतं, चढू नको कमरेवर

हे गाणंही या घरात आठ-नऊ वर्षं नव्हतं. दालेंदाच्या हातातलं हाड टेबलावर निसटलं. बेटावर दर बाईला हे गाणं येतं. पुरुष पाण्यात उतरले की बायका काठावर दळत बसतात आणि म्हणतात. जिचा माणूस पाण्यात आहे तीच म्हणते. परत आल्यावर कुणी म्हणत नाही, आणि परत न आल्यावर कधीच म्हणत नाही. मग उम्मी आज कुणासाठी म्हणतेय? ती उठली. वाटलं, आता जावं, जात्याचा खुंटा धरावा आणि सांगावं. तेवढं एक वाक्य. उद्या जे म्हणायचं त्याआधी हे म्हटलं पाहिजे, एरवी तिथं तोंड उघडणार नाही. दारापर्यंत ती गेली आणि उभी राहिली. सत्तरीच्या बाईला काय सांगायचं? तुझे शुक्रवार खोटे. तुझं दीनार दीनार भरणं खोटं. लेकाच्या अंगावर घालायला आणलेला सदरा तू परत नेलास, तो मी न्यायला लावला.

मशिदीतून संध्याकाळची, मगरिबची बांग झाली. जातं थांबलं.

"काय दारामागं उभी राहतेस चोरासारखी?" उम्मी म्हणाली. "ये, कालवते."

तिनं पितळी वाडग्यात पीठ घेतलं, वरून तेलाची धार सोडली, साखर घातली, आणि बोटांनी मळू लागली. दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तेल तेवढं चकाकत होतं. दालेंदा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"सकाळी द्यायचा असतो ना?"

"सकाळी गडबड असते तुझी. एक घास आज खा, एक उद्या." उम्मीनं गोळा करून तिच्या हातावर ठेवला. "मग, झालं का लिहून? चार दिवस बसलीयस कागदाला घेऊन, अंड्यावर बसल्यासारखी."

"नाही झालं."

"काय सांगायचं असतं त्या पोरांना?"

"तिथं एक माणूस असतो. बेवारस. चाकू लावायच्या आधी त्याची ओळख करून द्यायची."

"ओळखीचा नसला तर?"

"नसला तरी."

उम्मी बोटांना लागलेलं पीठ वाडग्याच्या कडेला पुसत राहिली. दालेंदानं घास तोंडात घातला. मेथीचा कडवटपणा आधी आला, मग साखर. तिनं तो गालात धरून ठेवला. आणि तेव्हा, तेल आणि पीठ जिभेवर विरघळत असताना, बाबांचा आवाज आला. या वेळी नुसता आला नाही, कामाला आला.

"मी त्यांना सांगेन," ती हळू म्हणाली, "की या खोलीत येताना पाय उचलून टाकू नका. घसटत चाला. खाली निजलेला आहे, त्याला आपण येतोय ते कळू दे. बाबा सांगायचे तसं. एवढं मला खोटं न बोलता सांगता येईल. पुढचं नाही येणार. उम्मी, पुढचं सांगायच्या आधी मला तुला..."

"थांब."

उम्मीनं वाडगा बाजूला सरकवला. पदरानं हात पुसले, एकेक बोट सावकाश, आणि पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

"तू नको सांगूस," ती म्हणाली. "तू खूप दिवस उचललंयस. मला वाटायचं, ते तुझ्या हातातून काढून घेतलं तर तोल जाऊन पडशील, म्हणून मी हात लावला नाही. ते रक्त मागायला आले, त्यांना हाकललं. माझी पोर डॉक्टर आहे, ती नाही म्हणालीय, आणि त्यांच्या बाटलीनं हो म्हटलं असतं तर? नंबरात पैसे भरत राहिले. तुला बरं वाटायचं, मी वाट बघतेय म्हणून." तिचा आवाज जात्यासारखाच एकसुरी होता. "पण उद्या तू पुढं उभी राहणार. पुढं उभं राहणाऱ्याच्या हातात दुसरं ओझं नको. तास संपला की मला त्याच्याकडे घेऊन चल. तो निळा सदरा आहे अजून माझ्याकडे."

दालेंदानं तोंडातला घास गिळला आणि ती सरकून तिच्याजवळ गेली.

"त्या दिवशी तू आतून आलीस," उम्मी म्हणाली, "तेव्हा 'नाही' म्हणालीस ते नंतर. मी आधी तुझे पाय बघितले. त्या लांब बोळातनं तू एकदाही पाय उचलला नाहीस, पोरी. कोरड्या फरशीवर घसटत आलीस, पार माझ्यापर्यंत. तेव्हाच कळलं मला, आत कोण निजलंय ते."